शाळेंतील मळा आणि त्याचा जमाखर्च



मुलांनीं काय खावें हें सांगणारे पुष्कळ आहेत. तें पिकवावें कसें, रांधावें कसें आणि चारचौघांत बसून खावें कसें, हें शिकविणारी शाळा विरळाच. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बर्कली शहरीं अशी एक शाळा आहे. ॲलिस वॉटर्स या बाईंनीं १९७१ सालीं तेथें भोजनगृह काढलें. पुढें १९९५ सालीं मार्टिन ल्यूथर किंग माध्यमिक शाळेच्या आवारांतील ओसाड डांबरी जागेवर सुमारें एकरभर मळा फुलविण्याचा उपक्रम त्यांनीं आरंभिला. 'एडिबल स्कूलयार्ड' या नांवानें तो ओळखला जातो. मळ्यांतील तास शास्त्राला आणि पाकगृहांतील तास इतिहास-भाषादि विषयांना जोडलेला असतो. हा जोड मोठा मार्मिक आहे. वेळापत्रकाबाहेरचा विषय कितीहि गोड असला तरी परीक्षा जवळ आली कीं प्रथम त्याच्यावरच कुऱ्हाड पडते, हें कोणत्याहि शिक्षकाला ठाऊक असतें.

आतां अशी संस्था वाढवावयाची कशी? एकाच कचेरींतून शंभर शाळा चालविण्याचा मोह सहज होतो. बर्कलीकरांनीं मुख्यतः निराळी वाट धरली: आपला मळा नमुना म्हणून राखावयाचा, पाठ सर्वांना मोकळे ठेवावयाचे, परगांवचे शिक्षक तयार करावयाचे. न्यू ऑर्लीन्स येथें २००५ च्या वादळानंतर २००६ सालीं असाच मळा निघाला. पण तो चालविते तेथील शाळांचीच संस्था. हें योग्यच झालें. मातीहि तेथली, जबाबदारीहि तेथली.

परंतु हौसेला मोल नसलें तरी माळ्याला पगार लागतो. बर्कलींतील इतर सरकारी शाळांतले मळे व पाकवर्ग बहुतांशीं मध्यवर्ती सरकारच्या पैशावर चालत. २०१३ सालीं तो पैसा आटला. वर्षानुवर्षें उभारलेलें काम एका फटक्यांत धोक्यांत आलें, आणि तहान लागल्यावर विहीर खणण्याची धांवपळ सुरू झाली. नोव्हेंबर २०१४ मध्यें बर्कलीच्या मतदारांनीं साखरी पेयांवर दर औंसामागें एक सेंट कर मंजूर केला. अमेरिकेंत असा कर बसविणारें हें पहिलें शहर. उत्पन्न नगराच्या सर्वसाधारण खजिन्यांत जातें. त्याचा विनियोग कसा करावा याचा सल्ला जाणत्यांची एक समिति देते, आणि त्यांतून शाळांच्या मळ्यांना वांटा मिळूं लागला. जी पेयें मुलांचे दांत किडवितात, त्यांच्याच पैशानें त्यांना पालेभाजी ओळखावयास शिकवावें, ही कल्पना मनोरम खरी.

तथापि तींत एक मेख आहे. मुलें शिकलीं, साखरपाण्याचा खप उतरला, म्हणजे कराचें उत्पन्नहि उतरणार! शिक्षण जितकें फळाला येईल तितका त्याचा हा आधार लहान होईल. म्हणून कराच्या भरंवशावर नवे मळे भराभर उघडण्यापूर्वीं, आहेत त्या मळ्यांच्या माळ्याचें व स्वयंपाक शिकविणाऱ्याचें वेतन गणिताच्या शिक्षकाच्या वेतनाप्रमाणें शाळेच्या नित्याच्या अंदाजपत्रकांत कसें बसेल, हें संस्थाचालकांनीं आधीं पाहावें. देणगी नव्या अवजारांवर व बियाण्यावर खर्चावी, पगारावर नव्हे.