निरीक्षणाच्या रकान्यात

लेझीमचा वेश करून मघापासून थंडीत थांबलेल्या माझ्या बाळांनो,

निमंत्रणात मला विषय दिला होता : मानवी हक्कांसाठी तपास आणि संशोधन करणारी माणसं कोण असतात, काय शिकलेली असतात. दहावीनंतर या वाटेला कसं लागायचं तेही मुलांना सांगा, असं मुख्याध्यापक सरांनी फोनवर बजावलं. मी चार पानं टिपणं काढून आणली आहेत. पण फाटकातून आत आले, जुना व्हरांडा दिसला, आणि टिपणं पिशवीतच राहिली.

१९८५ साली मी या शाळेतून दहावी झाले. आमची वाडी इथून पाऊण तासाच्या चालीवर. मुळशीचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा? डोक्यावर इरलं, पुस्तकं खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेली. भातलावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असायचा. परत यायचो ते पायांना चिखल्या घेऊन. शिपाईमामा स्वयंपाकघरातून गोडेतेलाची वाटी आणून आमच्या बोटांच्या बेचक्यांत लावायचे. मामा आज नाहीत. त्यांची नात आत्ता स्वागतगीतात पेटी वाजवत होती, तिला पाहून मला फार बरं वाटलं.

प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होतं. त्याची किल्ली विज्ञानाच्या बाईंच्या कमरेला. त्या बाई आज पहिल्या रांगेत, शाल पांघरून बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतंय. बशीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून काचेचा पेला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढलं. प्रयोगवहीत 'निरीक्षण' या मथळ्याखाली मी लिहिलं, 'ऑक्सिजन संपल्यामुळे मेणबत्ती विझली.' बाईंनी लाल शाईनं विचारलं, 'ऑक्सिजन संपलेला तू पाहिलास का?' आणि ओळ खोडली. मी रडले. पुस्तकात तर तसंच होतं! बाई म्हणाल्या, दिसलं ते निरीक्षणात लिही, वाटलं ते अनुमानात. दोन्हीची सरमिसळ झाली की प्रयोग वाया.

मुलांनो, तीस वर्षं मी मानवी हक्कांच्या तपासाचं जे काम करते ते सगळं त्या लाल ओळीत आहे.

पुढे मी नर्स झाले. पहिल्याच वर्षी रात्रपाळीत एका पेशंटच्या तक्त्यावर मी लिहिलं, 'शांत झोप लागली आहे.' पहाटे थोरल्या सिस्टर आल्या, त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवला, श्वास मोजले आणि धावत डॉक्टरांना बोलावून आणलं. तो माणूस झोपलेला नव्हता, बेशुद्धीत चालला होता. वाचला तो. पण मला काय दिसलं होतं? मिटलेले डोळे. झोप मी माझ्या मनानं जोडली होती. श्वास मोजायचे राहिले होते. ती रात्र मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आता विषयाकडे येते. आपल्या देशात मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ साली झाला, त्याच वर्षी राष्ट्रीय आयोग आला, २००१ साली महाराष्ट्राचा आयोग. राष्ट्रीय आयोगाचा स्वतःचा तपास विभाग आहे, त्याचे प्रमुख पोलीस महासंचालक दर्जाचे अधिकारी असतात. पण या क्षेत्रात माणसं सगळीकडून आली आहेत. असगर अली इंजिनिअर हे आडनावाप्रमाणेच स्थापत्य अभियंता, मुंबई महापालिकेत नोकरीला. दंगल झालेल्या शहरांत जाऊन ते माणसांशी बोलायचे आणि दंगल कशी पेटली ते लिहायचे. के. बालगोपाल वरंगळच्या काकतीय विद्यापीठात गणित शिकवायचे. चकमकीत माणूस मेला असं पोलिसांनी सांगितलं की ते त्या गावात जाऊन विचारपूस करायचे. नंतर वकीलही झाले. आपल्या पुण्याचे बाबा आढाव आयुर्वेदाचे डॉक्टर. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला ते गावोगाव फिरले आणि विहिरीवर कोणाला पाणी भरू देतात, कोणाला नाही, याची नोंद केली. 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ तीच. तिकडे अर्जेंटिनात १९८४ साली हाडांचे अभ्यासक क्लाइड स्नो गेले. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या माणसांची हाडं उकरून ओळखायला त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि पुढच्या वर्षी न्यायालयात उभं राहून साक्ष दिली.

अभय बंग यांचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. सरकारी समितीनं शेतमजुराचा किमान रोज ४ रुपये धरला होता. बंग डॉक्टर. त्यांनी समितीचा हिशोब घेतला आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला किती उष्मांक लागतात, त्याच्या घरात खाणारी तोंडं किती, हे पुन्हा मांडलं. हिशोब चुकलेला निघाला. पुढे तो रोज १२ रुपये झाला. शरीराला काय लागतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती चूक सापडली.

म्हणून सरांना माझं उत्तर असं आहे : या वाटेला लागायचं तर आधी कुठलंही एक काम नीट शिका. नर्सिंग शिका, सर्व्हे शिका, हिशोब शिका.

आणि प्रयोगवही फेकू नका. ती कुठे लागते ते सांगते.

बीडच्या ऊसतोडीच्या बायकांविषयी तुम्ही वाचलं असेल. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीत, दुखण्यात काम चुकू नये म्हणून तरुण बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. २०१९ साली शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याही मूळच्या आयुर्वेदाच्या डॉक्टर. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा.

अशाच एका वस्तीवर मी गेले होते. माझ्यासोबत एक तरुण वकील होते, फार चांगला मुलगा. त्यांनी विचारलं, 'ऑपरेशनची तारीख?' ती बाई गप्प. मी विचारलं, 'कारखाना सुरू व्हायच्या आधी की पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर?' ती लगेच म्हणाली, 'पट्टा पडल्यावर, थोरलीचं लगीन झालं त्या वर्षी.' मग तिनं पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्डासोबत जपलेला दवाखान्याचा कागद काढला. कागदावर एक कारण, तिच्या तोंडी दुसरं. मी वहीत तीन रकाने केले. ती काय म्हणाली, कागदावर काय आहे, आणि मला काय दिसलं. मला दिसली ती पोटावरची आडवी खूण. बस. 'डॉक्टरनं फसवलं' असं लिहायला माझा हात शिवशिवत होता. लिहिलं नाही. तसं लिहिलं असतं तर समोरच्या वकिलानं पहिलं तेच वाक्य खोडलं असतं, आणि त्यासोबत त्या बाईचं सगळं म्हणणं वाहून गेलं असतं. तिच्याजवळ तेवढंच तर होतं.

तुमच्या मोबाईलवर रोज येतं ते पाहा. अमक्या गावात अमक्यांनी असं केलं. पुढे पाठवायच्या आधी बाईंचा प्रश्न विचारा : तू पाहिलंस का? कोणी सांगितलं? त्यानं पाहिलं का? कधी? उत्तर नसेल तर ते अनुमान आहे. अनुमानावर घरं जळतात, मुलांनो. मी जळलेली घरं पाहिली आहेत. मागे बसलेल्या दहावीच्या मुलांना मी मुद्दाम मोठ्यानं सांगते : निरीक्षण वेगळं, अनुमान वेगळं.

सरपंच ताई, आता तुमच्याशी बोलते. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावर आपलं मुळशीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. त्याचे पुढारी सेनापती बापट म्हणजे एकेकाळी एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस. विनायकराव भुस्कुट्यांनी तो लढा लढवला आणि पुढे पुस्तकातून लिहूनही ठेवला. सत्तर वर्षांनंतर पुणे विद्यापीठातल्या राजेंद्र व्होरा सरांनी त्यावर संशोधन केलं. तरी त्या धरणात गेलेलं माझ्या पणजीचं शेत नेमकं कुठे होतं, हे माझ्या घरात कोणाला सांगता येत नाही. आजीला ठाऊक होतं. मी नर्सिंगची परीक्षा देत होते, तिला विचारायचं राहून गेलं.

नर्मदेच्या धरणात आपल्या राज्यातली ३३ गावं जाणार होती. तिथली परिस्थिती तपासायला १९९१ साली जागतिक बँकेनं पथक नेमलं, त्यात न्यायाधीश, मानववंशशास्त्रज्ञ आणि अभियंता होते. १९९२ साली त्यांचा अहवाल आला, पुढच्या वर्षी बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली. त्यांनी केलं ते तुम्हालाही जमण्यासारखं आहे : घरी जाऊन बसणं, विचारणं, लिहिणं.

मी शाळेसाठी एक जाड नोंदवही आणली आहे, बांधीव. नववीच्या वर्गाला देते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे बसा. पाण्याखाली गेलेलं गाव कोणतं, खाचरं किती, देऊळ कोणाचं, तिथून उठून कुठे गेले. कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, त्यानं स्वतः पाहिलं की आईकडून ऐकलं. आजोबा म्हणाले तसंच, त्यांच्या शब्दांत. पालकांनो, पोरगं विचारायला आलं तर टीव्ही बंद करा.

काल संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले होते. पहिल्या पानावर रकाने त्यांनीच आखून दिले आहेत. हात थरथरतो आता, रेघा जरा वाकड्या आल्या आहेत, पण रकाने तेच आहेत. शेवटचा रकाना अनुमानाचा, तो त्यांनी सगळ्यांत अरुंद ठेवला आहे.

नववीचे वर्गप्रतिनिधी कोण? ये बाळा, वर ये, वही घेऊन जा. आणि लेझीमच्या मुलांना आता येऊ द्या, केव्हाची ताटकळली आहेत.