फटफटीवाल्याची मुंबई

ज्या घरांतून रोज सकाळीं एखादा मुलगा शिरस्त्राण काखेस मारून जिना उतरतो, त्या घरांतील वडील माणसांस मुंबईचा नकाशा निराळ्या रीतीनें पाठ होतो. कागदावर शहर एकच. परंतु मोटारवाल्याची मुंबई वेगळी आणि फटफटीवाल्याची वेगळी. गेल्या पंचवीस वर्षांत या शहरांत जे रुंद व गुळगुळीत रस्ते झाले, त्यांतील कित्येकांच्या तोंडाशींच दुचाकीस मनाई केल्याची पाटी उभी आहे.

अंधेरीस राहून फोर्टांत नोकरी करणारा एखादा कारकून घ्यावा. वांद्र्याजवळ आला कीं वरळीकडे जाणारा सागरी सेतु त्यास दिसतो. २००९ सालीं खुला झालेला हा ५.६ किलोमीटरांचा सेतु त्यास बंद आहे. २०२४ सालीं टप्प्याटप्प्यानें उघडलेला किनारी रस्ता व त्यांतील मलबार टेकडीखालचे दोन किलोमीटरांचे जुळे बोगदे, तेहि बंद. नव्या मुंबईकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु त्यानें छायाचित्रांतच पाहावा. उरतो तो जुना मार्ग : माहीमचा कॉजवे, दादर, परळ, भायखळा. हा कॉजवे १८४५ सालचा. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं त्यास पैसा दिला तो येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पथकर घेऊं नये या अटीवर. पावणेदोनशें वर्षांनंतरहि तो कॉजवे येणाऱ्यास जात विचारीत नाहीं, वाहनाचीहि नाहीं!

भायखळ्याच्या पुढें जे. जे. चा उड्डाणपूल लागतो. तो २००२ सालीं झाला व कांहीं वर्षें त्यावरून फटफट्या जात असत. २०१० सालीं त्यांस मनाई झाली. हा हुकूम निव्वळ लहरीनें निघाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुलास वळणें आहेत, आणि मोकळ्या पुलावर रात्रीं तरुण रक्तास वेगाचा मोह आवरत नाहीं. कित्येक घरांतील दिवे त्या वळणांवर विझले. समुद्रावरील सेतूंचें कारण आणखी वेगळें. चार चाकांच्या गाडीस बाजूनें वारा लागला तर ती थोडी सरकते व सावरते. दोन चाकांच्या गाडीस मात्र वाऱ्याकडे कललेंच पाहिजे. स्थिर वाऱ्यांत हा कल साधतो. परंतु सेतूच्या उंच खांबाच्या आडोशास वारा क्षणभर पडतो आणि खांब ओलांडतांच पुन्हा अंगावर येतो, तेव्हां गाडी हातभर बाजूस फेकली जाते. आणि त्याच हातभर जागेंतून मागची मोटार भरवेगानें येत असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ११५ वें कलम सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं, अथवा रस्त्याचें किंवा पुलाचें स्वरूप पाहून, अशी मनाई करण्याचा अधिकार सरकारास देतें.

येथपर्यंत सर्व ठीक. पण पुलावरून खालीं उतरविलेली फटफटी नाहींशी होत नाहीं, ती पुलाखालीं जाते. पुलाखालीं महंमदअली रोड आहे. तेथें हातगाड्या आहेत, मध्येंच थांबणाऱ्या टॅक्सी आहेत, डोक्यावर ओझें घेऊन धांवणारे हमाल आहेत, आणि बसच्या चाकापासून वीतभर अंतरावर हा कारकून आहे. पावसाळ्यांत तर विचारूंच नये. पाण्यानें भरलेला खड्डा सपाट दिसतो. गटाराचीं लोखंडी झाकणें व रस्त्यावरील रंगाचे पांढरे पट्टे ओले झाले कीं शेवाळलेल्या पायरीसारखे निसरडे होतात, आणि त्यावर ब्रेक दाबला कीं चाक हातचें सुटतें. घरीं आई खिडकीशीं उभी असते ती वाऱ्याच्या भीतीनें नव्हे. या वीतभर अंतराच्या भीतीनें.

मस्टरवर लाल खूण पडण्याचें भय असलें कीं एखादा पाटी न पाहिल्यासारखें करून पुलावर चढतो. पुढें पोलीस दिसतांच तो गाडी फिरवून समोरून येणाऱ्या मोटारींच्या तोंडीं उलटा निघतो. दंड चुकविण्यासाठीं प्राण पणास लावण्याचा हा व्यवहार शहाण्या माणसाच्या हातूनहि घडतो, हेंच दुःख.

आगगाडीनें कां जाऊं नये, असें कोणी विचारील. कारकुनास कदाचित् जातां येईल. परंतु यंत्र दुरुस्त करणारा हत्यारांची पेटी घेऊन दिवसांत पांच घरें फिरतो. त्याची फटफटी हेंच त्याचें दुकान. किनारी रस्ता महानगरपालिकेच्या पैशानें झाला, आणि नगराच्या त्या तिजोरींत त्याच्याहि घामाचा वाटा आहे. जकार्ता शहरांत २०१४ च्या डिसेंबरांत तामरीन या मुख्य रस्त्यावर अशीच मनाई झाली होती. पुढें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. मुंबईचा समुद्र जकार्तेच्या त्या रस्त्यावर नाहीं, हें खरें. म्हणून तो निवाडा येथें जसाच्या तसा लागूं पडणार नाहीं. परंतु वाऱ्याचा वेग मोजणारें यंत्र सेतूवर बसवितां येतें आणि वारा पडलेल्या दिवशीं कडेची एक पट्टी वेग बांधून देऊन उघडतां येते. बोगद्यांत तर समुद्राचा वारा नाहींच. पुलाखालच्या रस्त्यावर सकाळच्या दोन तासांपुरत्या हातगाड्या व टॅक्सी एका अंगास ठेवणें त्याहून सोपें, व त्यास कोट्यवधींचा खर्चहि नाहीं.

सायंकाळीं कारकून त्याच कॉजवेवरून परततो. डाव्या हातास, पाण्यापलीकडे, सेतूचे दिवे लागलेले असतात. सिग्नल लाल असेपर्यंत तो तिकडे पाहतो. मग मागून भोंगा वाजतो.