तुकडा तुमचा, होकारही तुमचा



दिल्लीत सरोजिनी नगरहून थोडं पुढे गेलं, की सफदरजंग रुग्णालय.
समोर एम्स.
आणि तिथेच, अन्सारी नगरात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं मुख्यालय.

(विराम)

अशा रुग्णालयांत गाठीचा तुकडा तपासायला काढतात.
निदान होतं.
थोडा तुकडा उरतो.
तो कुणाचा?

परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात,
नमुना देणाऱ्याचा.
संस्था फक्त विश्वस्त.
पुन्हा सांगते. नमुना तुमचा. संस्था विश्वस्त.

(विराम)

हे सुचायला जगाला फार वेळ लागला.
१९५१ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या रुग्णालयात, हेन्रिएटा लॅक्स नावाची तरुण आई कर्करोगाने गेली.
तिच्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या होत्या.
त्या प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या.
पोलिओच्या लशीला त्यांचा उपयोग झाला.
घरच्यांना मात्र वीसेक वर्षं पत्ताच नव्हता.
मला हे फार लागतं.
तिने कदाचित आनंदाने होकार दिला असता.
पण विचारायला हवं होतं.

(विराम)

ऑपरेशनची संमती वेगळी.
संशोधनाची संमती वेगळी.
घाईत एकाच दमात सह्या होतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

नाव-गाव पुसलेल्या उरलेल्या नमुन्यांसाठी नीतिमत्ता समिती कधी संमतीची अट शिथिल करते.
एरवी तुम्हाला विचारायलाच हवं.
तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत.

आणि नाही म्हणालात,
किंवा दिलेला होकार नंतर मागे घेतलात,
तरी तुमचे उपचार थांबत नाहीत.