आधी दोन घास, मग उपदेश

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



या स्टेजवर मी आजवर दोनदाच आले आहे. एकदा मंगळागौरीच्या खेळात मागच्या रांगेत फुगडी घालायला आणि एकदा खाद्यजत्रेत आमच्या वसईच्या स्टॉलला बक्षीस मिळालं ते घ्यायला. आज विषय जरा वेगळा आहे. कार्यकारिणीतल्या ताईंनी विचारलं, "डिप्रेशनवर बोलशील का?" मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय." तेव्हा जे अनुभवलं तेवढंच सांगते.

मी मूळची वसईची. घरची केळीची आणि फुलांची वाडी, अंगणात विहीर, दारात सतत कोणी ना कोणी. 2004 साली लग्न होऊन दुबईला आले, करामामध्ये राहू लागले. पहिली काही वर्षं मजेत गेली. मग मंदी आली. 2009 मध्ये मिस्टरांची नोकरी गेली. ते बांधकाम क्षेत्रातले, आणि त्या वर्षी साइटवरच्या क्रेन उभ्या होत्या तशाच थांबल्या होत्या. नोकरी गेली म्हणजे व्हिसा जाणार, व्हिसा गेला की घर, मुलाची शाळा, सगळंच. त्याच उन्हाळ्यात वसईला आई गेली. मी पोचले तेव्हा दफनविधी उरकला होता. नऊ दिवसांनी परत आले आणि कामाला लागले. रडायला वेळच मिळाला नाही.

सुदैवाने मिस्टरांना तीन महिन्यांत दुसरी नोकरी लागली. सगळे म्हणाले, देव पावला. आणि नेमकी तेव्हा मी कोसळले. संकट चालू असताना माणूस उभा राहतो, ते टळल्यावर पाय लटपटतात, तसं काहीसं.

मुलाला सकाळी स्कूलबसमध्ये बसवलं की मी पडदे ओढून पलंगावर पडायची. अंघोळ करायची म्हटलं तरी डोंगर चढायचा आहे असं वाटायचं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. एकदा लिफ्टमध्ये छातीत इतकं धडधडलं, हातांना मुंग्या आल्या, की मी मरतेच आहे असं वाटलं. इमर्जन्सीत नेलं, ईसीजी नॉर्मल. घरी आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण हार्टचं काही निघालं असतं तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं, हा विचार मनात आला. पुढे पुढे तर आपण नसलो तर या दोघांचं बरंच होईल, असंही वाटू लागलं. हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलते आहे.

तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, त्यामुळे आम्ही ऊद मेथाच्या सेंट मेरीजमध्ये शुक्रवारी मिस्साला जायचो. (2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली आणि आमचा रविवार परत मिळाला.) तिथे एका ओळखीच्या बाईंना मी धीर करून थोडंसं सांगितलं. त्या प्रेमानेच म्हणाल्या, "तुझी श्रद्धा कमी पडतेय. रोझरी वाढव." मी वाढवली. एकाच्या तीन केल्या. मन हललं नाही. मग आजाराच्या जोडीला अपराधाची भावनाही आली. देवाचं देणं एवढं असूनही मी उदास, म्हणजे मी कृतघ्न! हिंदू मैत्रिणी सांगतात, त्यांनाही हेच ऐकावं लागलं. फक्त रोझरीच्या जागी उपास आणि पारायण. या बाबतीत आपण सगळे एकाच गावचे.

मला वाचवलं दोन माणसांनी. पहिल्या समोरच्या फ्लॅटमधल्या सांगलीच्या काकू. त्यांनी काही विचारलं नाही. एक दिवस दार वाजवून डबा पुढे केला. "खिचडी आहे. माझ्यासमोर चार घास खा, मग मी जाते." दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभराने म्हणाल्या, "चल, खाली चक्कर मारू." मी म्हटलं, "काकू, नको, मला बोलवत नाही." त्या म्हणाल्या, "मग बोलू नकोस. नुसतं चालायचं."

दुसरे आमचे एक फादर. मी कन्फेशनला गेले आणि माझी श्रद्धा कमी असल्याचं पाप म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "हे पाप नाही, हा आजार दिसतो. डॉक्टरकडे जा. आणि घरी जाऊन एलियाची गोष्ट वाच."

ही गोष्ट बायबलमध्ये राजे या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलिया हा मोठा संदेष्टा. राणीच्या धमकीने घाबरून तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला सांगतो, पुरे झालं, माझा जीव घे. आता देवाने त्याला रागवावं की नाही? तसं होत नाही. त्याला झोप लागते. देवदूत उठवतो तो भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही हे त्याला कळलेलं असतं. देवाशी बोलणं त्यानंतर, लांबच्या प्रवासानंतर. आणि शेवटी त्याला अलीशा नावाचा सोबती मिळतो. झोप, अन्न, पाणी, चालणं, सोबत, आणि उपदेश सगळ्यांत शेवटी! वाचताना मला सांगलीच्या काकूच दिसल्या.

मग मला कळलं की स्तोत्रांच्या पुस्तकातही पुष्कळशी गाऱ्हाणीच आहेत. खुद्द येशूने गेथशेमानेच्या बागेत तीन मित्रांना सांगितलं होतं की माझा जीव कासावीस झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. येशूला सोबत मागावीशी वाटली, तर मी मागायला का लाजावं?

आपल्या मराठीतलंच उदाहरण द्यायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं. 1895 मध्ये रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढची काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या स्वतःच्या विचाराने टिळकांकडे परतल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना डिप्रेशन होतं असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की या बाईने दुःख लपवलं नाही आणि हसणंही सोडलं नाही. टिळक 1919 मध्ये गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं. उत्तरायुष्यात त्या मुलाकडे कराचीला होत्या, म्हणजे आपल्यासारख्याच घरापासून लांब. बाळंतपणात माझ्या आईने मला ते पुस्तक दिलं होतं. त्या वर्षी ते पुन्हा उघडलं आणि कित्येक आठवड्यांनी मोठ्याने हसले.

डॉक्टरांचं थोडक्यात सांगते, कारण ते कामाचं आहे. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व. इथे बाहेर एवढं ऊन असून आपण एसीत राहतो, त्यामुळे 'ड' कमी निघणं नवलाचं नाही. मग त्यांनी समजावलं की दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ जवळजवळ रोज उदासी असेल, कशात रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नुसतं मन खट्टू होणं नव्हे. गोळ्या सुरू झाल्या. त्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात लागू पडत नाहीत, काही आठवडे जावे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नसतात. जोडीला समुपदेशन. लिफ्टमधला तो प्रकार पॅनिक अटॅक होता, तो भयंकर वाटतो पण ओसरतो, हे कळल्यावरच त्याची निम्मी भीती गेली.

एक सूचना. भारतातून अशी औषधं आणणार असाल तर आधी चौकशी करा. काही औषधं इथे नियंत्रित यादीत आहेत, त्यांना ऑनलाइन परवानगी लागते. प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा.

मी बरी झाले का? हो. आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा थोडी घसरले, तेही सांगते. पण या वेळी खुणा माहीत होत्या. पहाटेची जाग सुरू झाली तशी आठवड्याभरात डॉक्टरांना फोन केला. आज माझा नेम साधा आहे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत, संध्याकाळी अर्धा तास चालणं, आठवड्यातून एकदा भावाशी पोटभर गप्पा, आणि सकाळी दहा मिनिटं प्रार्थना. पूर्वी मी प्रार्थनेत परीक्षा दिल्यासारखी बसायचे. आता आईजवळ बसावं तशी बसते. काही दिवस एकही शब्द सुचत नाही. चालतं.

तुमची श्रद्धा कुठलीही असो, नसली तरी असो. ती औषधाची जागा घेत नाही आणि औषध तिची. दोन्ही हात वापरा. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, इमर्जन्सीत जा. भारतातल्या आपल्या माणसांसाठी 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे.

आणि ज्यांचं ठीक चाललंय त्यांना एक विनंती. दिवाळीत फराळाची ताटं आपण ओळखीच्या घरी नेतोच. या वर्षी एक ताट अशा दारी न्या, जिथले पडदे बरेच दिवस उघडलेले नाहीत. काही विचारू नका, काही शिकवू नका. दोन चकल्या संपेपर्यंत नुसतं बसा. सांगलीच्या काकू आता भारतात परतल्या आहेत. त्यांना मी एकदा विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?" म्हणाल्या, "तुझ्या दाराशी रोजचं दूध दुपारपर्यंत तसंच असायचं."