अनुदानित महाविद्यालय टिकले पाहिजे





बारावीचा निकाल लागला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी प्रवेशाचा आणि पैशांचा हिशेब सुरू होतो. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून मुलांना महागड्या खासगी विद्यापीठांत पाठवणारे पालक आपण सगळेच पाहतो. त्यांना सांगायला हवे की दर्जेदार शिक्षण परवडणाऱ्या शुल्कात मुंबईतच मिळते. अभियांत्रिकीची १८८७ची व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञानाची १९३३ची आयसीटी या संस्था माटुंग्याला आहेत. तिथल्या जागा मोजक्या, हे खरे. पण आपली उपनगरेही रिकामी नाहीत. अंधेरीचे भवन्स १९४६चे, विलेपार्ल्याचे आजचे साठये महाविद्यालय १९५९चे, घाटकोपरचे झुनझुनवाला १९६३चे, मुलुंडचे वझे-केळकर १९८४चे. शिक्षणसंस्थांनी ही महाविद्यालये उभारली, दानशूरांनी हातभार लावला आणि शासनाच्या अनुदानाने ती सामान्यांना परवडू लागली.

हे अनुदान नेमके काय करते? ते शिक्षकांचे वेतन देते. महाविद्यालयाचा सर्वांत मोठा खर्च वेतनाचाच असतो. तो शासनाने उचलला की विद्यार्थ्याचे शुल्क आवाक्यात राहते. विनाअनुदानित संस्थेत तोच खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून भागतो. अंधेरीच्या भवन्सच्या परिसरात १९६२चे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय अनुदानित आहे आणि त्याच आवारातली सरदार पटेल तंत्रज्ञान संस्था विनाअनुदानित. दोन्हींचे नाव मोठे, दोन्हींकडे गुणवंतांची रीघ. शुल्कात फरक पडतो तो मुख्यतः वेतन कोण देते यामुळे.

हा फरक आता आपल्या प्रत्येकाच्या महाविद्यालयाच्या इमारतीत शिरला आहे. एका वर्गात अनुदानित बी.कॉम., शेजारच्या वर्गात कितीतरी अधिक शुल्काचे स्वयंअर्थसाहाय्यित बीएमएस. गेल्या पाव शतकात नवे अभ्यासक्रम बहुतेक याच वाटेने आले. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही, त्यांनी नव्या संधी दिल्या. पण नव्या विषयाची किंमत नेहमी विद्यार्थ्यानेच का मोजावी?

जुन्या अनुदानित विभागांची स्थितीही चिंतेची आहे. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही. तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत धावतो आणि मानधनाची वाट पाहतो. कागदावर अनुदान आहे, वर्गात कायम शिक्षक नाही. अशाने स्वस्त शिक्षण निकृष्ट ठरेल आणि मग पालकांना दोष देता येणार नाही.

शासनाने काही चांगली पावलेही टाकली आहेत. ८ जुलै २०२४च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास, आर्थिक दुर्बल आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळाली. मात्र खासगी आणि अभिमत विद्यापीठांतील प्रवेशांना ही सवलत नाही. प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी ही गोष्ट प्रत्येक पालकाला कळली पाहिजे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. रिक्त पदे ठरलेल्या मुदतीत भरा. अनुदानित तुकड्या विद्यार्थी कमी झाल्याचे निमित्त करून बंद करू नका. नव्या अभ्यासक्रमांपैकी काहींना तरी अनुदान द्या.

आपल्यालाही काम आहे. निकालाच्या आठवड्यात प्रत्येक महाविद्यालयाने पालकांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडावे; शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित यांतला फरक, शिष्यवृत्त्या, कागदपत्रे हे मराठीत समजावून सांगावे. पैसा नाही म्हणून कुणी मागे राहू नये, याच हेतूने समाजाने ही महाविद्यालये उभारली. ती तशीच पुढच्या पिढीच्या हाती देणे आपले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी उपनगरांतील महाविद्यालयांच्या या संमेलनाने आजच ठराव करावा, अशी मी विनंती करतो.