घाटांची फेरी आणि तिचा हिशेब



युनियनच्या माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, असा आपला समज असेल. आज आम्ही सायकलीवर बोलणार आहोत. पुण्याहून निघावयाचे आणि वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड, भोर अशी प्रदक्षिणा घालून पुण्यासच परत यावयाचे. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. ही फेरी कशी आखावी, एवढाच आमचा विषय आहे.

नकाशावर अंतर दिसते, चढ दिसत नाही. वाई ते पाचगणी हे अंतर अवघे बारा किलोमीटर; पण पाचगणी वाईहून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर एवढे ओझे तेवढ्या उंचीवर नेण्याचे काम कोणालाच चुकत नाही. फरक पडतो तो वेळात. धडधाकट तरुण सतत दोनशे वॅट शक्ती लावू शकतो. आमच्यासारखा पन्नाशी उलटलेला माणूस शंभर वॅटवर दमतो. म्हणजे तरुण पाऊण तासात टेबललँडखाली चहा पीत बसतो आणि आम्ही दीड तासाने पोहोचतो. तोवर त्याचा घाम वाळून अंग आखडलेले असते, आणि आम्ही पोहोचताच तो म्हणतो, "चला, निघू या!" विश्रांती त्याची झाली, आमची नाही. जथ्याचे वेळापत्रक सर्वांत हळू चालणाऱ्याच्या घड्याळावर बसवावे, असे आम्ही म्हणतो त्याचे कारण हे एवढेच आहे. त्यात दयेचा प्रश्न नाही.

गिअरचेही असेच. आपल्या साध्या काळ्या सायकलीचे पायडल एकदा फिरले की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे उत्तम. पसरणीच्या घाटात मात्र गुडघ्यांचे दिवाळे निघते. तेथे एका फेऱ्यास चाकाचाही एकच फेरा असावा. पुढच्या चक्रास चौतीस दाते असतील, तर मागच्या सर्वांत मोठ्या चक्रासही तेवढेच हवेत. दुकानदार हलकी सायकल दाखवील. ग्राहकाने आधी दाते मोजावेत.

आता दिवस किती? आमच्या बैठकीत ह्यावर खरे भांडण झाले. तरुणांचे म्हणणे तीन दिवस : पहिला मुक्काम वाईस, दुसरा महाडास, तिसऱ्या दिवशी पुणे. ऐकावयास सुटसुटीत आहे. पण तिसरा दिवस सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा होतो आणि त्यातच वरंध्याचा घाट येतो. सगळ्यांत लांबची मजल सगळ्यांत थकलेल्या पायांच्या वाट्याला! ह्यावर उपाय म्हणजे भोरला आणखी एक मुक्काम, म्हणजे चौथा दिवस. आणि येथे रोजंदारीवरची माणसे गप्प झाली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळवून दिली; रोजंदारीवाल्याचा रविवार आजही बिनमजुरीचाच जातो. त्याला चौथा दिवस म्हणजे आणखी एक खाडा. हळू जाणाऱ्यास दिवस वाढवून हवा आणि गरिबास दिवस वाढवणे परवडत नाही, दोघेही आपलेच. अखेर ठराव झाला की फेरी चार दिवसांची, आणि वाढीव दिवसाची मजुरी सर्वांच्या वर्गणीतून. दोघा तरुणांनी कुरकुर केली, पण वर्गणी दिली.

निघण्याचा काळ डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात ह्या डोंगरांशी खेळू नये. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, महाड तालुक्यातले तळीये गाव दरडीखाली गेले. वरंध घाट तर पावसाळ्यात वाहतुकीस बंद करण्याचे हुकूम निघतात. मालकाशी वाटाघाटी करता येतात, दरडीशी नाही.

पहिला दिवस कात्रजचा जुना घाट आणि खंबाटकी ह्यांत जातो. सुरूरला हमरस्ता सोडला की वाई. दुसऱ्या दिवशी पसरणी पहाटेच चढावी. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरपर्यंत बाराशे मीटरांहून अधिक उतार आहे. चढापेक्षा आम्हाला ह्या उताराची धास्ती अधिक. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. म्हणून थोडा दाबावा, सोडावा, आणि मधे मधे उतरून तो थंड होऊ द्यावा. प्रतापगड वाटेवरच आहे. पण तो पाहावयाचा तर दोन तास वेगळे काढावेत, धावत पाहण्याचा तो गड नव्हे. पोलादपूरपासून मुंबई-गोवा महामार्ग. तेथे एकामागे एक, गप्पा बंद.

महाडला अंधारापूर्वी पोहोचावे, कारण चवदार तळे पाहावयाचे आहे. दिवसभर आपण पाण्याचा हिशेब करीत आलेलो असतो : कोठे बाटली भरावयाची, कोठपर्यंत पुरवावयाची. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह ह्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव आधीच केला होता. तो कागदावरच पडून होता. त्या परिषदेची खटपट करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते, जे पुढे कामगार चळवळीत आले. आमच्या धंद्यातल्या माणसाने तेथे थोडे थांबावे. ठराव मंजूर होणे आणि माणूस पाण्यापर्यंत पोहोचणे ह्यांत किती अंतर असते, ते तेथे नजरेने मोजता येते.

तिसऱ्या दिवशी पहाटे बिरवाडीकडून वरंध. कोकणातले ऊन तापण्यापूर्वी माथा गाठावा. शिवथरघळीचा फाटा मोह घालतो, पण त्या दिवशी तो टाळावा. घाटमाथ्यावरून पुढे नीरा-देवघरच्या जलाशयाकडेने रस्ता भोरला उतरतो. दुकाने विरळ आहेत, तेव्हा भाकरी आणि पाणी महाडहूनच बांधून घ्यावे.

चौथा दिवस पन्नासेक किलोमीटरांचा. सकाळी पंतसचिवांचा राजवाडा बाहेरून पाहावा, कापूरहोळला हमरस्त्यास लागावे आणि कात्रजचा जुना घाट ह्या बाजूने चढून दुपारी तीनपर्यंत पुण्यात यावे. रोजंदारीवाल्यांना दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असते, म्हणून ही तीनची वेळही आम्ही ठरावातच लिहून ठेवली आहे.