कॉन्टेसा, धाकटी बहीण आणि देवघरातला रोटर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. प्रवासात हेडफोन नसतील तर वाचा.)

आज पाहुणा नाही, मुलाखत नाही. आज मी एकटाच बोलणार आहे आणि विषय घरचा आहे. गेले काही महिने तुमच्यापैकी बरेच जण विचारताय, "दादा, ती मागे फोटोत दिसणारी लांब नाकाची गाडी कुठली?" तर आज त्या गाडीची गोष्ट. पण आधीच सांगतो, ही गोष्ट जितकी गाडीची आहे, तितकीच माझ्या एका चुकीचीही आहे.

गाडी म्हणजे हिंदुस्तान कॉन्टेसा. 1987 चं मॉडेल. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ही गाडी फक्त जुन्या हिंदी सिनेमात पाहिली असेल, खलनायक मागच्या सीटवरून उतरतो ती. अमेरिकेत साठच्या दशकात 'मसल कार' नावाचा प्रकार आला. 1964 ची पॉन्टिॲक जीटीओ घ्या. सहा लिटरच्या वरचं व्ही-8 इंजिन आणि तीनशेच्या वर हॉर्सपॉवर. आपल्याकडे तसं काही नव्हतं. आपल्याकडे होती कॉन्टेसा. मूळ डिझाइन इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं. ते हिंदुस्तान मोटर्सने घेतलं आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ऐंशीच्या दशकात गाडी बनायला लागली. लांब बॉनेट, रुंद छाती, दिसायला एकदम पैलवान. आणि आत? ॲम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन, साधारण पन्नास हॉर्सपॉवर! म्हणजे शरीर तालमीतलं आणि दम आमच्या आजोबांचा. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं तेव्हा जरा जीव आला. 2002 च्या सुमारास उत्पादन बंदच झालं.

आमची गाडी मोठ्या काकांची. गावी शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. वर कडबा, आत उंदरांचं बिऱ्हाड. 2023 च्या दिवाळीत काका बाबांना म्हणाले, "भंगारवाल्याला देऊ का तू नेतोस?" बाबा काही बोलायच्या आत आमची धाकटी म्हणाली, "आपण नेऊ. मी चालवीन." तेव्हा ती सोळा वर्षांची होती. बाबा हसले आणि म्हणाले, "बरं. तू अठराची होईपर्यंत गाडी उभी करू. पण काम तूही करायचं."

मग टेम्पोवर चढवून गाडी खराडीत आणली. आता खराडी म्हणजे तुम्हाला माहितीये, एकीकडे इऑन आयटी पार्क, काचेच्या इमारती, आणि जरा आत वळलं की जुनं गावठाण, वाडे, मारुतीचं देऊळ. नदीकाठचं हे गाव महापालिकेत आलं ते 1997 मध्ये. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसयूव्हींच्या रांगेत ही धूळ खाल्लेली कॉन्टेसा उभी राहिली, तेव्हा सेक्रेटरी काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे किती दिवस राहणार इथे?"

पहिले दोन महिने फक्त साफसफाई. पेट्रोलची टाकी उतरवली तर आत गंजाचा चिखल. रबरी पाइप हात लावला की तुटत होते. इथे एक कामाची गोष्ट सांगतो. आता पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, गळायला लागतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. म्हणून जुनी गाडी घ्याल तर सगळे पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरचं रबर नवीन टाका, इथेनॉल सोसणारं. पाइप फाटला आणि पेट्रोल गरम इंजिनवर पडलं तर पुढचं सांगायला नको.

पार्टसाठी रविवारी नाना पेठेत जायचं. कधी जुन्या बाजारात. नशीब असं की इंजिन ॲम्बेसेडरचंच असल्यामुळे प्लग, पॉइंट, गॅस्केट असं बरंच काही मिळत गेलं. अडलं ते पत्र्याचं. दरवाजाखालचा पत्रा पूर्ण सडलेला. डेंटर म्हणाला, "पुट्टी भरून देतो, चकाचक दिसेल." धाकटीने विचारलं, "आणि ठोकर बसली तर?" तो गप्प. मग सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. सोळा वर्षांच्या मुलीने विचारलेला तो प्रश्न मला सुचला नव्हता.

आता येतो माझ्या चुकीवर.

मार्च 2024. इंजिन सुरू झालं होतं. पहिल्यांदा धक धक करत चालू झालं तेव्हा आईने चक्क गाडीला ओवाळलं. धाकटी नुकतीच सतरा पूर्ण झाली होती. बाबांनी यादी केली होती, त्यात ब्रेकचं काम शिल्लक होतं. पायडल दाबलं की ब्रेक लागत होता, म्हणून मी समजलो ठीक आहे. एका रविवारी सकाळी साडेसहाला बाबा झोपलेले होते. ती म्हणाली, "दादा, एकदाच. मागच्या गल्लीत कोणी नसतं." आणि मी चावी दिली. हो, मीच दिली. शेजारी बसलो आणि स्वतःला सांगितलं, मी आहे ना बरोबर.

पहिला गिअर, हळूहळू, दहा-पंधराचा स्पीड. दोनदा ब्रेक लागला. तिसऱ्यांदा पायडल सरळ खाली गेलं, जमिनीपर्यंत. ती म्हणाली, "दादा, लागत नाहीये." समोर बांधकामाच्या वाळूचा ढीग होता आणि त्याच्या बाजूला एक आजोबा फिरायला निघालेले. मी ओरडलो, "क्लच सोड, चावी बंद कर!" तिने केलं. गाडीने गचका खाल्ला आणि बंपर वाळूत घुसवून थांबली. आजोबा चार हातांवर होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. काठी टेकत पुढे गेले. ते काहीच बोलले नाहीत हे मला अजून आठवतं.

झालं काय होतं? ब्रेकचं पायडल मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, ब्रेक ऑइलचा दाब चारही चाकांपर्यंत जातो. पिस्टनवर रबराची टोपी असते, ती तेल मागे येऊ देत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते रबर कडक होतं, सिलिंडरला आतून गंज लागतो. दोनदा दाब धरतो, तिसऱ्यांदा रबर फाटतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. म्हणून जुन्या गाडीत पहिल्या दोन ब्रेकवर विश्वास ठेवायचा नसतो. मास्टर सिलिंडर, चाकांतले सिलिंडर, होज पाइप, लायनर, सगळं बदलून, नवीन ऑइल भरून, एअर काढूनच गाडी हलवायची. आधी थांबायची सोय, मग पळायची. आम्ही उलटं केलं होतं.

बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. खाली गेले, बॉनेट उघडलं, डेल्कोचं झाकण काढलं आणि आतला रोटर काढून घेऊन आले. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, तो फिरत फिरत एकेका प्लगला करंट वाटतो. तो नसेल तर जगातला कुठलाही मेकॅनिक धक्का मारूनही ती गाडी सुरू करू शकत नाही. बाबांनी तो देवघरात गणपतीच्या मागे ठेवला आणि म्हणाले, "अठरा आणि लायसन्स. दोन्ही झालं की बाप्पाकडून मागून घ्या. दोघांनीही." 'दोघांनीही' हा शब्द माझ्यासाठी होता.

मला तेव्हा जरा राग आला होता. वाटलं, पंधराचा स्पीड, रिकामी गल्ली, एवढं काय. मग दोन महिन्यांनी 19 मे 2024 आला. आपल्यापासून काही किलोमीटरवर, कल्याणीनगरला, पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली. दोन तरुण इंजिनिअर गेले, एक मुलगा आणि एक मुलगी, आपल्याच वयाचे. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच दिवशी जामीन झाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता, हे तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे चिडलेले. श्रीमंतांची पोरं, बापाचा पैसा वगैरे. मीही टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण चावी देणारा एक माणूस आमच्याही घरात होता. माझी गाडी पोर्शे नव्हती, रात्र नव्हती, दारू नव्हती. ते आजोबा दोन पावलं अलीकडे असते तर यातल्या कशाचाही त्यांना उपयोग नव्हता.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. चारचाकी अठराच्या आधी नाही, लर्निंगसुद्धा नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आता तुमच्या कॉलेजबाहेर उभ्या असलेल्या स्कूटर बघा, सगळ्या शंभर सीसीच्या वरच्या. म्हणजे सोळा-सतराची जी मुलं त्या चालवतायत, ती सगळी बेकायदाच. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. "मी शेजारी बसलो होतो" याला तिथे काही किंमत नाही.

बरं, मग पुढचं वर्ष काय केलं? तेच, जे आधी करायला हवं होतं. ब्रेक पूर्ण नवीन केले. समोर आणि मागे सीटबेल्ट बसवले. जुनी वायरिंग काढून फ्यूज बॉक्ससकट नवी टाकली. टायर पाचही नवे, कारण टायरची नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं. हेडलाइट नीट केले. आणि आरटीओचं काम. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, गाडीची तपासणी, पर्यावरण कर. फी 2022 मध्ये 600 वरून पाच हजार झाली, पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढली. मला वाटलं होतं, 'व्हिंटेज'मध्ये बसवू. पण 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. आमची 2037 मध्ये पात्र होईल! आणि व्हिंटेज गाडी रोज चालवायला परवानगीही नसते.

धाकटी या सगळ्यात हाताने काम करत होती. एअर काढताना ती पायडल मारायची, मी खाली झोपून नट सोडायचो. मध्येच ती गणित मांडायची. चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. म्हणजे मेंदूला 'ब्रेक मार' कळायला एक सेकंद लागला तर अकरा मीटर आधीच गेले. साठला सतरा. आणि त्यानंतर ब्रेकने थांबायला लागणारं अंतर चाळीसच्या सव्वादोन पट. मला म्हणाली, "दादा, या गाडीला एबीएस नाही, एअरबॅग नाही. इथे सगळं मीच आहे." हे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आता ही गाडी चालवेल.

फेब्रुवारी 2025 मध्ये ती अठराची झाली. लर्निंग काढलं. पण शिकली मोटार ट्रेनिंगच्या छोट्या गाडीवर, कॉन्टेसावर नाही. बाबांचा हट्ट. भोसरीच्या ट्रॅकवर टेस्ट झाली, पहिल्या वेळी आठच्या आकड्यात चुकली, दुसऱ्या वेळी पास. घरी लायसन्स आलं त्या संध्याकाळी तिने ते देवासमोर ठेवलं आणि गणपतीमागचा रोटर काढला. त्यावर वर्षभराचं कुंकू बसलं होतं. तिने तो पुसला, खाली जाऊन स्वतः बसवला. आम्ही सगळे बसलो. खराडी बायपासला सिग्नल लाल होता. तिने लांबूनच ब्रेक लावला, गाडी रेषेच्या अलीकडे थांबली. बाजूच्या बाइकवरच्या पोराने अंगठा दाखवला. बाबा मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "थांबते चांगली."

तर मंडळी, जुनी गाडी उभी करायची इच्छा असेल तर जरूर करा. हात काळे होतात, डोकं शांत होतं, घरातली माणसं एकत्र येतात. फक्त क्रम लक्षात ठेवा. ब्रेक, टायर, बेल्ट, लाइट, कागद. रंग आणि आवाज सगळ्यात शेवटी. आणि तुमच्या घरी सोळा-सतराचं कोणी "एकदाच दे ना चावी" म्हणत असेल, तर त्याला गाडी नका देऊ, पाना द्या.

तुमच्या घरी शेडमध्ये पडलेली गाडी आहे का? पद्मिनी, ॲम्बेसेडर, बजाजची चेतक? आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर सांभाळून चालवा. भेटू पुढच्या आठवड्यात!